टिचकी मारून मांजराची खोड जात नाही

गेल्या आठवड्यात माझ्या मावशीचा उजवा हात मनगटापर्यंत सुजला. कर्वेनगरला तिच्याकडे सात वर्षांपासून असलेला सोन्या नावाचा बोका तिला कडकडून चावला, आणि तो चावला ते आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर आलेला एक सल्ला तिने अमलात आणला म्हणून. लाड करताना मांजर का चावते, याचे उत्तर देण्याचा दावा करणाऱ्या त्या संदेशात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. मांजराची जातच कृतघ्न असून ते कोणतीही सूचना न देता चावते. चावल्याबरोबर नाकावर टिचकी मारून मानगूट दाबून धरली की त्याची खोड जाते. हळूच चावले तर ते प्रेम असल्याने चावू द्यावे. मिशा कापल्या की मांजर मवाळ होते. आणि घरचे मांजर चावले तर हळद-चुना पुरतो, इंजेक्शन लागत नाही. हाच मजकूर नंतर सोसायटीच्या समूहावरही आला आणि त्याखाली लोकांनी आभार मानले होते, तेव्हा मात्र गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

मांजर सूचना देत नाही, हे साफ खोटे आहे. रविवारी दुपारी मी मावशीकडे मुद्दाम तासभर बसले होते. सोन्या आपणहून झोपाळ्यावर चढला, तिच्या डाव्या हातावर गाल घासून मांडीवर विसावला, आणि ती सवयीप्रमाणे त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत कुरवाळू लागली. पाच-सहा वेळा हात फिरल्यावर त्याच्या शेपटीचे टोक झोपाळ्याच्या फळीवर आपटू लागले, पाठीवरची कातडी माशी बसल्यासारखी थरथरली, कान बाजूला वळले आणि त्याने मान वळवून थेट तिच्या हाताकडे पाहिले. घुरघुर मात्र चालूच होती, आणि नेमके तिथेच माणसे फसतात, कारण मांजर सुखात घुरघुरते तसे ते अस्वस्थ असताना किंवा दुखत असतानाही घुरघुरते. मी मावशीला हात उचलायला सांगितले. सोन्या चावला नाही, उठूनही गेला नाही. त्याने अंग झटकले आणि तिथेच पाय दुमडून बसला. चार खुणा एकामागून एक दिल्यानंतर जो प्राणी चावतो, त्याला कृतघ्न म्हणणे अन्यायाचे आहे. ओळखीची मांजरे एकमेकांना चाटतात ती बहुतेक डोके आणि मान एवढ्याच भागावर आणि थोडाच वेळ. पाठीवरून शेपटीच्या बुडापर्यंत सलग लांब हात फिरवणे ही आपली आवड आहे, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तोच स्पर्श अनेक मांजरांना नकोसा होतो.

आता टिचकीविषयी, कारण सर्वाधिक नुकसान याच सल्ल्याने होते. मावशीने संदेश वाचून तीन दिवस तो प्रयोग केला. सोन्याने दात नुसते टेकवले तरी नाकावर टिचकी आणि मानगुटीला पकड. चौथ्या दिवशी शेपटी हलली नाही, कान वळले नाहीत; तिचा हात जवळ येताच त्याने तो पंजांनी धरला आणि दात खोल रुतवले. शिक्षेने हेच होते. दात टेकवणे ही मांजराची शेवटून दुसरी पायरी असते, आणि त्या पायरीवर मार मिळाला की ते चावणे सोडून देत नाही, मधल्या पायऱ्या सोडून देते. ज्या हातावर ते कालपर्यंत गाल घासत होते, तोच हात त्याच्या लेखी धोका ठरतो. मांजरी पिल्लाला मानेला धरून उचलते हे खरे आहे आणि त्या वेळी पिल्लू निपचित राहते हेही खरे आहे, पण तो पिल्लाच्या वयाचा प्रकार आहे. मोठ्या मांजराला तसे धरले की निसटून जाण्याची वाट बंद होते आणि त्याची भीती वाढते.

दोष मांजराच्या जातीत नसून आपल्या हाताळण्यात असतो, याला एक भक्कम पुरावा आहे. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी लंडनच्या बॅटरसी या प्राणी आश्रयगृहातील १०० मांजरे आणि १२० माणसे घेऊन केलेला प्रयोग २०२१ मध्ये ‘फ्रंटियर्स इन व्हेटरनरी सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माणसांनी आधी आपापल्या पद्धतीने मांजरांना कुरवाळावे, आणि मग थोड्या वेळाच्या प्रशिक्षणानंतर तेच पुन्हा करावे, अशी त्याची मांडणी होती. शिकवण अगदी साधी होती. हात पुढे करून जवळ यायचे की नाही हे मांजराला ठरवू द्यावे, त्याच्या हालचालींकडे सतत लक्ष ठेवावे, आणि स्पर्श मुख्यतः कानांच्या बुडाशी, गालांवर आणि हनुवटीखाली करून पोट व शेपटीचे बूड टाळावे. एवढ्याने मांजरांचे आक्रमक वागणे आणि अस्वस्थतेच्या खुणा कमी झाल्या व जवळीक वाढली. या प्रयोगात मांजरांना काहीही शिकवले नव्हते; शिकवले होते ते माणसांना. मांजराच्या जातीतच खोट असती, तर माणसांना शिकवून हा फरक पडलाच नसता. टिचकी सुचवणाऱ्याने याचे उत्तर द्यावे.

घरी करायचे ते एवढेच आहे. बोट मांजराच्या नाकासमोर थोडे दूर धरावे, त्याने गाल घासला तर दोन-तीन सेकंद गालाशी किंवा कानामागे खाजवावे आणि हात काढून घ्यावा. त्याला आणखी हवे असेल तर ते स्वतः डोके पुढे करते. लहान मुलांना हे लवकर जमते. सवय मोडायला वेळ लागतो तो मोठ्यांना.

हळूच चावणे म्हणजे प्रेम, या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, हे मला मान्य करावे लागेल. खेळकर मांजर, विशेषतः लहान वयाचे, दात न रुतवता हात तोंडात धरते आणि त्यात राग नसतो. पण त्यावरून चावू द्यावे असे ठरत नाही, कारण हात हे खेळणे आहे असे शिकलेले पिल्लू मोठे झाल्यावर त्याच हातावर पूर्ण ताकदीने झेपावते. खेळायला दोरी किंवा कापडाची चिंधी द्यावी, बोटे देऊ नयेत. मिशा कापण्याचा सल्ला तर निव्वळ क्रूर आहे. मिशांच्या मुळाशी मज्जातंतूंचे दाट जाळे असते आणि अंधारात व अडचणीच्या जागेत मांजर त्यांच्याच आधाराने वावरते.

संदेशात नसलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. वर्षानुवर्षे शांत असलेले मांजर हात लावताच अचानक चावू लागले, तर दातांचे दुखणे, सांधेदुखी किंवा त्वचेचा विकार असू शकतो. अशा वेळी पशुवैद्याकडे जावे.

राहिला हळद-चुना. मावशीला मधुमेह आहे आणि तरीही तिने जखमेवर हळद दाबून रात्र काढली. मांजराचे दात बारीक आणि टोकदार असल्याने जखम वरून टाचणी टोचल्याएवढी दिसते, ती लगेच मिटते आणि तोंडातले जंतू आत अडकतात. हाताच्या सांध्यांजवळ हे फार लवकर चिघळते. त्याहून गंभीर बाब रेबीजची. तो मांजराच्या चाव्यानेही होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. सोन्या ‘घरचा’ खरा, पण रात्री तो गच्चीवरून शेजारच्या इमारतीत जातो आणि त्याची वार्षिक लस दोन वर्षे चुकली होती. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लस महापालिकेच्या रुग्णालयांत मिळते. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, पण ते दहा दिवस संपेपर्यंत लस थांबवायची नसते. मावशीची सूज आता उतरली आहे, दोन डोस झाले आहेत आणि तिसऱ्यासाठी बुधवारी सकाळी मी तिला घेऊन जाणार आहे.