ब्रेडीचा 199वा क्रमांक आणि एक अर्धवट दावा

"एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत निवडला काय नि शेवटच्या फेरीत काय, खेळ सारखाच," असा दावा सध्या फिरतो आहे. (एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग; क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू; आणि फेऱ्या ड्राफ्टच्या, म्हणजे संघ दरवर्षी नवे खेळाडू ओळीने निवडतात त्या सात फेऱ्या.) पुरावा म्हणून टॉम ब्रेडी पुढे केला जातो: 2000च्या ड्राफ्टमध्ये 199वा, नंतर सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकलेला. उदाहरण खरं आहे, निष्कर्ष चुकीचा.

या दाव्याला आधार दिला जातो तो अर्थतज्ज्ञ डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स यांच्या अभ्यासाचा. प्रत्यक्ष खेळलेल्या क्वार्टरबॅकची दर खेळीमागची कामगिरी त्यांनी पाहिली. ड्राफ्टच्या क्रमांकाशी तिचा फारसा संबंध दिसला नाही. पण 'प्रत्यक्ष खेळलेल्या' हे शब्द दावा पुढे पाठवताना गळून पडतात, आणि सगळी मेख तिथेच आहे. सहाव्या-सातव्या फेरीतल्या बहुतेकांना मैदान फारसं मिळतच नाही. सरावात प्रशिक्षकांना पटलेले मोजकेच उतरतात. पहिल्या फेरीतल्यांवर मात्र संघाने मोठा पैसा लावलेला असतो, म्हणून ते अडखळले तरी खेळत राहतात. म्हणजे चाळणीतून उरलेल्या मूठभरांची तुलना न चाळलेल्यांशी होते.

पहिला क्रमांक ही हमी नव्हे. पुढे दिग्गज ठरलेला पेटन मॅनिंग 1998चा पहिला, तसाच 2007चा जामार्कस रसेल; रसेल तीनच हंगाम टिकला. उलट 2022मध्ये अगदी शेवटी, 262वा निवडलेला ब्रॉक पर्डी सुपर बोलपर्यंत पोहोचला. पण एकही सामना न खेळता घरी परतलेले उशिराच्या फेऱ्यांतले क्वार्टरबॅकही या हिशेबात धरायलाच हवेत.