जुन्या डिस्का उपसून नव्या डब्यात लावण्याआधी

लग्नसराई आटोपली की आमच्या स्टुडिओवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला यवतमाळ, वाशीम आणि अमरावती अशा तीन जिल्ह्यांतल्या ओळखीच्यांकडून आला. मजकूर असा: “जुना नास स्लो झाला? नवा घेऊ नका. पडून असलेल्या पीसीचा सर्व्हर बनवा. जुन्या डब्यातल्या डिस्का काढून नव्यात लावा, दहा मिनिटांत डेटा जसाच्या तसा. रेड लावलं की बॅकअपची गरज नाही. कॉपी करायचीच असेल तर साधं कॉपी-पेस्ट करा, प्रॉपर्टीजमध्ये जीबी जुळले की जुन्या डिस्का फॉरमॅट मारून वापरात घ्या. लाइन गेली तर घरचा इन्व्हर्टर आहेच.”

नास म्हणजे नेटवर्कला जोडलेला, डेटा साठवायचा डबा. रेड म्हणजे डिस्का अशा जोडणं की एखादी गेली तरी काम चालतं. मेसेजमधलं पीसीचा सर्व्हर बनवण्याचं बोलणं मला शंभर टक्के पटतं. कंपनीच्या डब्याचा बोर्ड गेला तर त्याचा पार्ट मिळत नाही आणि काही वर्षांनी अपडेटही बंद होतात. घरी जुळवलेल्या सर्व्हरचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, उडाला तर नागपूरला बर्डीवर जाऊन संध्याकाळपर्यंत नवा आणता येतो. मी स्वतः मागच्या वर्षी दोन डिस्कांच्या जुन्या डब्यातून ३.४ टीबी डेटा अशाच सर्व्हरवर नेला. पण त्यापुढचं प्रत्येक वाक्य चुकीचं किंवा अर्धवट आहे, आणि कोणी ते खरं धरून वागला तर गावाचं नुकसान होईल. गावाचं म्हणतोय, कारण हा डेटा एकट्या स्टुडिओचा नसतो. तेरवीच्या चार दिवस आधी कोणीतरी दारात येऊन उभं राहतं, “आमच्या बाबाचा एखादा फोटो भेटन काय जी?” त्या बाबांनी आयुष्यात स्वतःचा फोटो कधी काढून घेतलेला नसतो. पुतणीच्या लग्नात, २०१४ साली, मांडवाच्या कडेला फेटा बांधून उभे असलेले तेवढे आपल्याकडे असतात. ती एक फाइल गेली की तो चेहरा गेला.

तर आधी डिस्का उपसण्याबद्दल. डिस्कवर डेटा ज्या पद्धतीने मांडलेला असतो ती पद्धत नव्या सर्व्हरला समजायला हवी. सिनॉलॉजी कंपनीचे डबे आतून लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचंच सॉफ्टवेअर रेड वापरतात आणि वर फाइली मांडायची एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस ही पद्धत असते. त्यामुळे साध्या लिनक्स पीसीवर त्या डिस्का वाचता येतात, पण त्यासाठी रेड जोडणारी साधनं टाकून हाताने आज्ञा द्याव्या लागतात. क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीने त्यात स्वतःचे बदल केलेले असल्याने त्याच्या डिस्का साध्या लिनक्सवर उघडणं अवघड जातं. आणि ट्रूनास हा सर्व्हरचा प्रोग्राम, जो बरेच जण नव्या सर्व्हरवर टाकतात, तो झेडएफएस या वेगळ्याच मांडणीवर चालतो. त्याला तुमच्या जुन्या डिस्का म्हणजे मोकळी जागा वाटते. नवा पूल, म्हणजे डिस्कांचा एकत्र साठा, बनवताना त्या निवडल्या की आधीचं सगळं पुसलं जातं.

सगळ्यात घात विंडोजवर होतो. लिनक्सची डिस्क विंडोजला लावली की पडद्यावर अनेकदा सूचना येते, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? आमच्याच तालुक्यातल्या एका स्टुडिओवाल्या भावाने तिथे ‘हो’ दाबलं. मेसेजमध्ये “नव्यात लावा” एवढंच लिहिलं होतं, त्याला वाटलं हीच ती पायरी. सहा वर्षांची लग्नं होती त्या डिस्कवर. तो माझ्याकडे आला तेव्हा फॉरमॅटनंतर त्याच डिस्कवर नव्या फाइलीही पडल्या होत्या. थोडं परत मिळालं, पुष्कळ गेलं. त्याला मी दोष देत नाही, दोष त्या “दहा मिनिटांत”चा आहे.

जुना डबा चालू असेल तर डिस्का त्याच्या पोटातच राहू द्या. नव्या सर्व्हरला नव्या डिस्का घ्या, दोन्ही केबलने जोडा आणि डेटा तारेवरून न्या. डबाच मेला असेल तर मात्र डिस्का काढाव्या लागतात. तेव्हा त्या लिनक्सवर फक्त वाचण्यापुरत्या जोडायच्या, म्हणजे त्यांच्यावर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही.

नव्या डिस्का घेतानाही एक विचारा. काही डिस्कांवर डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्याला एसएमआर म्हणतात. सलग लिहिताना त्या पार मंदावतात, आणि झेडएफएसच्या रेडमध्ये तर फार त्रास देतात. नाससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्काही याच प्रकारच्या असल्याचं २०२० मध्ये उघड झालं होतं. म्हणून सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेली, असं लिहिलेलीच डिस्क मागा.

आता कॉपी-पेस्ट आणि जुळलेले जीबी. मी सुरुवात तशीच केली होती, म्हणून सांगतो काय होतं ते. रात्री कॉपी लावली, सकाळी पाहिलं तर खिडकी एका फाइलवर अडून बसलेली. ‘वगळा’ म्हटलं आणि घाईत ‘सगळ्यांसाठी हेच करा’ वर टिचकी मारली. पुढच्या किती फाइली वगळल्या गेल्या याची यादी विंडोज कुठेच ठेवत नाही. अडण्याचं कारण शोधायला मला दोन दिवस लागले, आणि ते मराठीत नावं देणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. लिनक्सच्या एक्स्ट४ मध्ये आणि झेडएफएसमध्येही फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन. काना, मात्रा, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘लग्नसोहळा’ या एका शब्दाला २७ बाइट जातात. म्हणजे देवनागरी नाव ८५ खुणांवर संपतं. विंडोज मात्र बाइट मोजत नाही, तिथे तीनपट लांब मराठी नाव बसतं. मी डब्यासोबत जुन्या विंडोज पीसीतली दोन वर्षंही आणत होतो, आणि त्यातली वधू-वर, दोन्ही गावं आणि तारीख लिहिलेली लांब नावं नव्या सर्व्हरने नाकारली. सिनॉलॉजीच्या जुन्या पद्धतीच्या कुलूपबंद फोल्डरांत तर मर्यादा १४३ वरच येते, म्हणजे देवनागरीत ४७ खुणा. आधी नावं छोटी करा, मग हलवा.

जीबी जुळणं हा पुरावाच नाही. एकूण आकार सारखा असूनही एखादी फाइल आतून बिघडलेली असू शकते. उलट सगळं नीट पोचूनही आकडा वेगळा दिसू शकतो, कारण डबे छोट्या चित्रांसाठी स्वतःचे लपलेले फोल्डर करून ठेवतात. खरं काम आरसिंक करतो. १९९६ पासून हा प्रोग्राम आहे, फुकट आहे, बहुतेक डब्यांत आधीच असतो. लाइन जाऊन काम तुटलं तर पुन्हा चालवायचा, झालेल्या फाइली सोडून तो पुढच्या घेतो. आधी कोरडी फेरी मारा, तो काय करणार ते नुसतं दाखवतो. मग खरी. ती झाल्यावर चेकसम लावून तिसरी, यात दोन्हीकडची प्रत्येक फाइल पूर्ण वाचून ताडली जाते. माझ्या म्हाताऱ्या डब्याला या फेरीला दोन रात्री लागल्या आणि तीन व्हिडिओ फाइली वेगळ्या निघाल्या. प्रॉपर्टीजमध्ये त्या कधीच दिसल्या नसत्या. एक जपा: डिलीटचा पर्याय लावू नका. जुन्या-नव्याची जागा चुकून उलटी लिहिली गेली तर तो भरलेलं घर रिकाम्या घरासारखं करून ठेवतो.

वेग मिळत नसेल तर नव्या सर्व्हरला नावं ठेवण्याआधी केबल बघा. गिगाबिटवर सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे माझे ३.४ टीबी साडेआठ तासांत. मला ११ एमबी मिळत होते, त्या हिशेबाने साडेतीन दिवस. केबल बसवणाऱ्याने आठपैकी चारच तारा कनेक्टरमध्ये घातल्या होत्या. आठही घातल्यावर वेग आला. आणि नव्या विंडोजवर जुना डबा दिसतच नसेल तर तो मेला असं समजू नका. जुने डबे एसएमबी या नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीवर बोलतात, आणि विंडोज १० ने ती २०१७ पासून नव्या इन्स्टॉलमध्ये देणं थांबवलं, वॉनाक्राय व्हायरस त्याच वाटेने पसरला होता. एफटीपी किंवा आरसिंकने डेटा तरीही बाहेर येतो.

“रेड लावलं की बॅकअप नको.” रेडची कल्पना अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या तिघांनी १९८८ च्या निबंधात मांडली. त्यात जादा डिस्क असते ती एखादी डिस्क बंद पडली तरी काम चालू राहावं म्हणून. तुम्ही चुकून फोल्डर पुसला तर रेड त्याच क्षणी दोन्ही डिस्कांवरून पुसतं. मृगाच्या पहिल्या पावसात वीज कडाडली आणि तारेतून दाब आत आला, तर एकाच एसएमपीएसवरच्या दोन्ही डिस्का एकत्र जातात. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम आपल्याच धंद्यातून आलेला आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. दुसरं गाव म्हणजे क्लाउडच पाहिजे असं नाही. २० एमबीपीएस अपलोडने ३.४ टीबी चढवायला न थांबता जवळपास सोळा दिवस लागतात, आणि आपल्याकडे न थांबता काहीच चालत नाही. बहिणीच्या घरचं कपाट पुरतं.

इन्व्हर्टरचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्याचा खटका यूपीएस मोडवर असेल तर लाइन जाताना सर्व्हर बहुधा टिकतो. पण बॅटरी संपत आल्याचं इन्व्हर्टर सर्व्हरला सांगू शकत नाही, रात्री तीनला लिहिता लिहिता सगळं खाड्कन बंद होतं. यूएसबीने जोडता येणारा छोटा यूपीएस मध्ये ठेवा, सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. आणि हे काम वैशाखात काढू नका. बाहेर ४५ अंश असताना सलग कॉपीत माझ्या डिस्का ५६ वर गेल्या होत्या, बऱ्याच डिस्कांना कंपनी ६० ते ६५ पर्यंतच मुभा देते. दिवसा थांबवून मी फक्त रात्री चालवलं. शक्य असेल तर दिवाळीनंतर करा.

राहिलं जुन्या डिस्का लगेच फॉरमॅट मारण्याचं. चेकसमची फेरी झाली तरी मारू नका. नव्या डिस्का पहिल्या काही महिन्यांतही बिघडू शकतात, आणि तेवढे दिवस जुनी प्रत हीच तुमची खात्री. माझ्या जुन्या दोघींपैकी एक, तारखेची चिठ्ठी लावून, दारव्ह्याला बहिणीच्या कपाटात आहे. दुसरी डब्यातच आहे, डबा बंद करून वरच्या फळीवर ठेवलाय. पोळ्याच्या सुट्टीत दोन्ही लावून पुन्हा ताडून पाहणार आहे. ज्यांना आरसिंकची फेरी कशी मारायची ते बघायचं असेल त्यांनी त्या दिवशी या, डिस्क सोबत आणा.