काकांना बाहेरून घरात यायचंय

रास्पबेरी पाय म्हणजे क्रेडिट कार्डाएवढा संगणक. तो मी पुस्तकांच्या कपाटामागे बसवला, त्यावर कॅलिबर, म्हणजे ई-पुस्तकं सांभाळून फोनवर वाचू देणारं सॉफ्टवेअर, चढवलं, आठशे ई-पुस्तकं रांगेनं लावली. आईनं मावशीला फोनवर सांगितलं, "ह्याचा पाय बसवलाय." मावशी दुसऱ्या दिवशी संत्री घेऊन आली.

घरात सगळं झकास. गॅलरीत, मोरीत, कुठेही वाचा. बसमध्ये फोनवर उघडलं की मात्र नुसतं गोल गोल फिरतंय. राऊटरमध्ये पोर्ट ८०८०, म्हणजे बाहेरून कॅलिबरपर्यंत यायचं दार, उघडून झालं, तरी तेच. मग राऊटरला मिळालेला इंटरनेटचा पत्ता, म्हणजे आयपी, पाहिला: सुरुवात १००.७२ ने. इथेच घोडं पेंड खात होतं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्या ग्राहकांत आतल्या आत वाटतात. बाहेरच्या जगाला दिसतो तो अनेकांत मिळून एक. म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा बंद, आणि मी माझ्या खोलीला हौसेनं बेल लावत बसलेलो. जगात जुन्या पद्धतीचे पत्तेच मुळी ४२९ कोटी, ते पुरत नाहीत, मान्य. पण बिल देताना मी एकटा आणि पत्त्याला मात्र अख्खी गल्ली?

तक्रार केली. तिसऱ्या दिवशी एक मुलगा आला. बूट न काढता त्यानं स्पीड मोजला.

"काका, स्पीड तर फुल येतोय."

मी बेचाळीस वर्षांचा आहे.

"स्पीडचं नाही रे. मला पब्लिक आयपी हवाय, बाहेरून दिसणारा माझा एकट्याचा पत्ता."

"यूट्यूब चालतंय ना?"

"चालतंय. मला बाहेरून घरातलं उघडायचंय."

त्यानं साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. "साहेब, एक काका आहेत. त्यांना बाहेरून घरात यायचंय."

"किल्ली हरवली का?"

"नाही. पुस्तक वाचायचंय म्हणतात."

पलीकडे बराच वेळ शांतता.

"मग पुस्तक सोबत न्या म्हणावं."

"बघ, मी हेच सांगत होते," आई आतून म्हणाली आणि त्याच्यासाठी चहा घेऊन आली. माझ्यासाठी नाही. पोरानं चहा संपवला, तक्रार बंद करायला ओटीपी मागितला. माझा फोन आईच्या हाताशी होता. तिनं चष्मा लावून आकडे खणखणीत वाचून दाखवले.

रात्री चिडून फोनवर आणि पायवर टेलस्केल नावाचं ॲप टाकलं. त्यात फोन आणि पाय दोघंही आतून बाहेर जातात आणि परस्पर भेटतात. दिंडी दरवाजाशी कुणाच्या विनवण्या नकोत. फुकट, वीस मिनिटांत काम. काल बसमध्ये उभ्यानं अकरा पानं वाचली.

आज सकाळी मेसेज आला: आपल्या विनंतीनुसार स्टॅटिक आयपी (कायमचा स्वतंत्र पत्ता) चालू केला आहे, शुल्क पुढील बिलात. त्या मुलाला फोन केला.

"काका, तुम्हीच मागितला होता ना?"