‘लिथियम आयन देऊ की एलएफपी?’

इलेक्ट्रिक स्कूटर घेणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज सोसायटीच्या ग्रुपपासून शाळेच्या ग्रुपपर्यंत फिरतोय. म्हणणं चार वाक्यांचं: एलएफपी बॅटरी लिथियम-आयन नसते, ती चीनचा शोध आहे, ती कधीच पेट घेत नाही आणि रोज 100 टक्के चार्ज केली तरी तिला काही होत नाही. खाली अर्थातच ‘पुढे पाठवा’.

पहिला घोळ बहुधा ‘आयन’ आणि ‘आयर्न’चा असावा. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, आणि हे नाव फक्त कॅथोडचं, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाच्या पदार्थाचं. चार्ज होताना लिथियमचे आयन कॅथोडमधून निघून दुसऱ्या टोकाच्या ग्राफाइटमध्ये शिरतात, गाडी चालताना परत येतात. कॅथोड लोह-फॉस्फेटचा असो की निकेल-मँगनीज-कोबाल्टचा, म्हणजे एनएमसी, ही ये-जा तीच. दुकानदार ‘लिथियम आयन देऊ की एलएफपी?’ विचारतो, तेव्हा तो ‘फळ देऊ की केळं?’ असंच विचारत असतो.

चीनचा शोध? 1997 सालच्या शोधनिबंधावर नावं आहेत पाधी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांची. काम झालं अमेरिकेत, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात. हा पदार्थ विजेचा फारच वाईट वाहक. कण अतिशय बारीक करून त्यांवर कार्बनचा थर चढवायची युक्ती सापडली, तेव्हा कुठे तो उपयोगी ठरला. तो प्रचंड प्रमाणावर आणि स्वस्तात बनवला चीनने. तेवढं श्रेय त्यांचंच.

आता आगीचं. इथे मेसेज अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त घातक. एनएमसीमध्ये धातू आणि ऑक्सिजनचे थर असतात. चार्ज करताना त्यांतलं लिथियम निघून गेलं की मागे उरलेली रचना डळमळीत होते. ती फार तापली तर ऑक्सिजन सोडते, म्हणजे आगीला लागणारी हवा बॅटरीच्या पोटातूनच मिळते. निकेल वाढवलं की जास्त लिथियम बाहेर काढता येतं, रेंज वाढते. पण ऑक्सिजन आणखी कमी तापमानाला सुटू लागतो. एलएफपीत ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट जखडलेला असतो, सहजी सुटत नाही. मात्र त्या सेलला साधारण 3.2 व्होल्टच मिळतात, एनएमसीला 3.6च्या पुढे. तेवढ्याच वजनात रेंज कमी मिळते, त्याचं हे एक कारण.

पण जळतो तो फक्त कॅथोड थोडाच? इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन ज्यातून ये-जा करतात तो द्रव, दोन्हीकडे सहसा सारखाच, पेट घेणारा. एलएफपीची सेल आतून शॉर्ट झाली तर तीही तापते आणि हायड्रोजनसारखे ज्वलनशील वायू बाहेर टाकते. बंद जागेत ते साठले की ठिणगी पुरते. एप्रिल 2021 मध्ये बीजिंगच्या फेंगताई भागातल्या वीजसाठवण केंद्रात स्फोट होऊन अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. तिथल्या बॅटऱ्या एलएफपीच होत्या. धोका कमी, हे मान्य. ‘कधीच नाही’ हे साफ खोटं.

राहिलं 100 टक्क्यांचं. एलएफपीचा व्होल्टेज बराच वेळ जवळपास सपाट राहतो, त्यामुळे किती चार्ज उरलाय याचा बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला, नीट अंदाज येत नाही. अधूनमधून पूर्ण चार्ज करा असं काही कंपन्या सांगतात, ते प्रामुख्याने हा हिशेब जुळावा म्हणून; त्याने बॅटरीला काही होत नाही म्हणून नव्हे. मे महिन्यात अकोल्यात पत्र्याच्या शेडखाली फुल चार्ज केलेली स्कूटर आठवडाभर उभी ठेवली, तर एलएफपी आहे म्हणून तिची बॅटरी म्हातारी व्हायची थांबत नाही.