एकच कार्ड का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. मूळ लेखात मी म्हटले होते की आमच्या ठिबक नियंत्रकाच्या बोर्डाच्या सर्व आवृत्त्यांना एकच मेमरी कार्ड चालावे, आणि त्यासाठी बूटलोडरने, म्हणजे बोर्ड सुरू होताच आधी चालणाऱ्या प्रोग्रामने, बोर्ड स्वतः ओळखावा. आपले आक्षेप दोन आहेत: बूटलोडरला बोर्ड ओळखायला लावण्यापेक्षा (त्यात दोष झाकले जातात, असे आपण म्हणता) प्रत्येक आवृत्तीसाठी स्वतंत्र यू-बूट (आम्ही वापरतो तो बूटलोडर) तयार करावा, आणि उरलेला फरक डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर काय काय आहे हे सांगणाऱ्या माहितीच्या फाइलीत, मांडावा.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो मला मुळातच मान्य नाही. कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) डिव्हाइस ट्री मुख्य मेमरीत उतरवावी लागते. मेमरीच चालू नसेल तर ती उतरवायची कुठे? एएम३३५एक्स या प्रोसेसर चिपवर यू-बूटचा पहिला टप्पा, म्हणजे एसपीएल, चिपच्या आतल्या तुटपुंज्या जागेत चालतो आणि बाहेरची मेमरी सुरू करणे हेच त्याचे मुख्य काम असते. हीच चिप असलेल्या मूळ बीगलबोन बोर्डावर २५६ एमबी डीडीआर२ मेमरी होती, बीगलबोन ब्लॅकवर ५१२ एमबी डीडीआर३ आहे. तरीही दोन्हींना एकच यू-बूट चालतो, कारण एसपीएल आधी ईप्रॉममधून (बोर्डाची माहिती जपणाऱ्या छोट्या चिपमधून) बोर्डाचे नाव वाचतो आणि मगच मेमरीची मूल्ये निवडतो. एसपीएललाही डिव्हाइस ट्री देता येते, एकाहून अधिकही देता येतात, हे खरे. पण त्यांतली कोणती घ्यायची हा प्रश्न उरतोच.

आता पहिला आक्षेप. प्रत्येक आवृत्तीची स्वतंत्र इमेज (कार्डावर उतरवायची तयार प्रत) कार्यशाळेत ठीक आहे. आमचे ठिबक नियंत्रक मात्र रावेर-यावलच्या केळीच्या बागांत बसवलेले आहेत. मे महिन्याच्या उन्हात जळगावहून मोटारसायकलवर गेलेल्या माणसाला पेटी उघडेपर्यंत आतला बोर्ड जुना की नवा हे कळत नाही, आणि चुकीचे कार्ड घातले की बोर्ड सुरूच होत नाही. आमच्या बोर्डांवर ईप्रॉम नाही. तीन पिनांवरचे रेझिस्टर वर (पुरवठ्याला) किंवा खाली (ग्राउंडला) जोडून आठ आवृत्त्या ओळखता येतात. (पिनेचा अंतर्गत पुल, म्हणजे चिपच्या आतली तशीच जोडणी, आधी बंद करावा. आम्ही १०० किलोओहमचे रेझिस्टर लावले होते, अंतर्गत पुलाने त्यांना दाबले, आणि दोन दिवस चुकीची आवृत्ती वाचत बसलो.)

ओळखण्याच्या भानगडीत दोष झाकला जातो, हा आपला मुद्दा मात्र माझ्या कोडला तंतोतंत लागू पडतो. अनोळखी क्रमांक आला की मी सर्वांत जुना बोर्ड गृहीत धरत होतो. म्हणजे तुटलेला रेझिस्टरही खपून जात होता. आता एसपीएल तिथेच थांबतो आणि एलईडी लुकलुकवतो. इथरनेटचा फरकही मी आवृत्तीच्या तक्त्यातून काढून टाकला आहे, कारण फाय चिप (इथरनेटची तार हाताळणारी चिप) आपली ओळख एमडीआयओ या तिच्या नियंत्रण-जोडणीवरच्या रजिस्टर २ आणि ३ मध्ये स्वतःच सांगते. दुरुस्त केलेला भाग मूळ लेखात घातला आहे. तुलना करता यावी म्हणून जुना भाग खोडलेल्या स्वरूपात तसाच ठेवला आहे.