निधी खेचून आणण्याची कृती

अर्थसंकल्प मुंबईत दुपारी मांडला जातो. संध्याकाळी सहाच्या आत मतदारसंघातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर "कोट्यवधींचा निधी खेचून आणला" हा मजकूर आमदार म्हणून तुमच्या हात जोडलेल्या फोटोसकट पडलेला असला पाहिजे. उशीर केलात तर माजी आमदार तोच निधी आधी खेचतील, आणि त्यांच्या मागोमाग जिल्हा परिषदेचे दोन इच्छुक. एकच निधी चौघांनी खेचला तरी तो लांब होत नाही, पण फ्लेक्स मात्र चार लागतात.

मजकुरात काय घालायचं ते नंतर पाहू. आधी काय घालायचं नाही ते ठरवा. 2025-26 चा राज्याचा अर्थसंकल्प 7,00,020 कोटींचा होता आणि महसुली तूट 45,891 कोटींची. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुलातली निम्म्याहून जास्त रक्कम जाते. हे आकडे मतदाराला कळवू नयेत, त्याला उगाच वाटेल की पैसे कमी आहेत. तुमच्या स्वतःच्या हातातली रक्कम तर मुळीच सांगू नका. आमदार निधी वर्षाला 5 कोटी. विधानसभेचे 288 आमदार धरले तर 1,440 कोटी, म्हणजे अर्थसंकल्पातल्या शंभर रुपयांमागे वीस पैसे. मतदारसंघात 120 गावं असतील तर गावाला वर्षाला 4 लाख 16 हजार येतात. त्यात देवळापुढे थोडे पेव्हर ब्लॉक आणि चौकात एक हायमास्ट दिवा. तोही तुम्ही फक्त सुचवायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची.

एवढ्यावर कार्य अहवाल होत नाही. म्हणून बेरीज शिका.

मतदारसंघातून जे काही जातं, ते तुमचं. राष्ट्रीय महामार्ग गेला? धरा, पैसा केंद्राचा असला तरी रस्त्यावर तसं लिहिलेलं नसतं. जलजीवन मिशनची कामं, पीकविम्याची भरपाई, अतिवृष्टीचं अनुदान, एसटी आगारात आलेल्या नव्या गाड्या, सगळं धरा. लाडकी बहीण विसरू नका. समजा मतदारसंघात 80 हजार लाभार्थी आहेत. महिन्याला 1,500 प्रमाणे वर्षाचे 144 कोटी. पाच वर्षांचे 720 कोटी तुम्ही बोटही न हलवता आणलेत. निवडणुकीत कबूल केलेल्या 2,100 रुपयांचं काय झालं असं एखादी बहीण विचारेल, तिला भाऊबीजेच्या शुभेच्छा द्या.

पण खरी कला गुणाकारात आहे. त्यासाठी एक रस्ता घ्या. चार कोटींचा पुरे.

पहिल्यांदा मंत्र्यांना पत्र द्या. मंत्री त्यावर शेरा मारतात: "तपासून सादर करावे." याचा सरकारी अर्थ एवढाच की कागद खाली पाठवला आहे. तुम्ही शेऱ्याचा फोटो काढा आणि लिहा, "4 कोटींच्या रस्त्यासाठी मंत्रिमहोदयांचे तत्काळ आदेश." हे झाले 4 कोटी. मार्चमध्ये काम सार्वजनिक बांधकाम विभागाच्या व्हाइट बुकात, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कामांच्या यादीत, आलं की "अर्थसंकल्पात 4 कोटी मंजूर." झाले 8. मग प्रशासकीय मान्यता: 12. त्यानंतर तांत्रिक मान्यता येते, ती सोडून द्या. ती अभियंत्यांची गोष्ट आहे आणि लोकांना वाटतं काहीतरी बिघाड दुरुस्त झाला. निविदा निघाली: 16. कार्यारंभ आदेश: 20. भूमिपूजन: 24. लोकार्पणापर्यंत गाडी पोचली तर 28, पण पक्का हिशेब 24 वरच थांबवा.

आता त्याच रस्त्यावर प्रत्यक्षात किती उतरतात तेही एकदा पाहून घ्या, म्हणजे चुकून खरं बोललं जाणार नाही. 4 कोटी जीएसटीसह धरले तर 18 टक्क्यांनी जवळपास 61 लाख करातच जातात. उरले 3 कोटी 39 लाख. निविदा 15 टक्के बिलो, म्हणजे अंदाजापेक्षा कमी दराने, गेली तर 2 कोटी 88 लाख. म्हणजे जाहीर 24 आणि डांबराच्या वाट्याला तीनहूनही कमी, तेही बिल निघालं तर.

रस्त्याचं नाव लिहिताना सार्वजनिक बांधकामची भाषा जशीच्या तशी उचला: "प्रजिमा 42 कि.मी. 3/200 ते 9/400 मध्ये सुधारणा करणे." यातलं एक अक्षरही सोपं करू नका. प्रजिमा म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग आणि 3/200 म्हणजे तीन किलोमीटर दोनशे मीटर. हे ज्याला कळतं तो लगेच विचारतो की बाजारपेठेतला, एसटी स्टँडसमोरचा, गुडघाभर खड्ड्यांचा पट्टा तर कि.मी. 0 ते 3 मध्ये येतो, त्याचं काय? न कळणारे टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवणारेच जास्त आहेत.

काम रखडणार आहे, हे गृहीत धरूनच शुभेच्छा छापा. का रखडतं? व्हाइट बुकात नाव येतं तेव्हा रकमेचा रकाना फार भरलेला नसतो. चार कोटींच्या कामापुढे त्या वर्षासाठी टोकन, म्हणजे नावापुरती, तरतूद असते. नाव आलं म्हणून आमदार खूश, रक्कम कमी म्हणून वित्त विभाग खूश. मार्चमध्ये नाव, पुढे मान्यता आणि निविदा, आणि कार्यारंभ आदेश नेमका मेअखेर. ठेकेदार जुना थर उकरतो, खडी अंथरतो आणि पाऊस सुरू होतो. पावसात डांबरीकरण करता येत नाही. दिवाळीपर्यंत त्या खडीवरून दुचाक्या घसरतात. दिवाळीनंतर ठेकेदार झालेल्या कामापुरतं पहिलं रनिंग बिल सादर करतो, निधी वितरित झालेला नसतो, आणि तो मशिन घेऊन दुसऱ्या तालुक्यात निघून जातो. या काळात रस्त्यावर जाणं टाळा. गेलातच तर "पाहणी" म्हणून जा, अभियंत्याला कॅमेऱ्यासमोर झापा. तरतूद टोकन होती हे त्याला माहीत असतं, पण तो बोलत नाही.

मार्च हुकला तरी हातपाय गाळू नका, पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा खर्च, आहेत. जून 2025 च्या अखेरीला 57,509 कोटींच्या आल्या होत्या. अर्थसंकल्प मांडून चार महिनेही झाले नव्हते. त्यातही हजार रुपयांची लाक्षणिक, म्हणजे टोकन, मागणी नावाचा एक नाजूक प्रकार असतो. हजाराचा आकडा गाळा, बाकीचं वाक्य तसंच ठेवा. निवडणुकीचं वर्ष असेल तर चांदीच. 2024 मध्ये 27 फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प, 28 जूनला पूर्ण अर्थसंकल्प, जुलैत 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या आणि 20 नोव्हेंबरला मतदान. नऊ महिन्यांत तीनदा खेचायची सोय सरकारनंच करून दिली होती.

स्थानिक घडामोडींत दवाखान्याला वरची जागा द्या. ग्रामीण रुग्णालय 30 खाटांचं असतं. त्याचं 50 खाटांचं उपजिल्हा रुग्णालय करायला मान्यता मिळाली, ही बातमी दोन निवडणुका पुरते. श्रेणीवर्धनाची मान्यता वेगळी, इमारतीचा निधी वेगळा आणि पदनिर्मिती त्याहून वेगळी, आणि ती वित्त विभागात बसलेली. इमारत होते, रंग लागतो, फीत कापली जाते. भूलतज्ज्ञाचं पद आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, नसल्यामुळे सिझेरियनची बाई पूर्वीसारखीच जिल्ह्याच्या गावी जाते. तुम्ही खाटांचा आकडा लिहा. खाट लोखंडी असते, मोजून दाखवता येते. पदं मोजायला लागलात तर अहवालाचं पान कोरं पडेल.

पाण्याचंही तसंच. जलजीवनच्या हिशेबात माणशी रोज 55 लिटर. टाकी बांधून झाली, नळ बसले, तोटीला हार घातला, की "हर घर जल". विहिरीला मार्चनंतर पाणी नसतं हा योजनेचा दोष नाही, विहिरीचा आहे. मिशनला केंद्रानं 2028 पर्यंत मुदत वाढवून दिलेली आहे, त्यामुळे घाई तुम्हालाही नाही. तोवर टँकरवर फोटो लावा.

"सभागृहात आवाज उठवला" हा रकाना प्रत्येक अहवालात हवा. नियम 105 अन्वये लक्षवेधी लावली, तारांकित प्रश्न विचारला, औचित्याचा मुद्दा मांडला, सगळं क्रमांकासह द्या. उत्तर मात्र छापू नका. तारांकित प्रश्नाचं छापील उत्तर असं येतं: एक, "हे अंशतः खरे आहे." दोन, तीन, "चौकशी करण्यात येत आहे." शेवटचा, विलंबाची कारणे काय, त्यापुढे "प्रश्न उद्भवत नाही." ही कला शिकण्यासारखी आहे. ग्रामसभेत कुणी खड्ड्याबद्दल विचारलं तर असंच उत्तर देऊन पाहा. फक्त दाराजवळ उभं राहून द्या.

सत्तापालट झाला तर घाबरू नका, तीही संधी आहे. 2022 मध्ये सरकार बदललं तेव्हा आधीच्या सरकारनं मंजूर केलेल्या कामांना स्थगिती मिळाली होती. विरोधात असाल तर "मतदारसंघावर अन्याय" म्हणून एक पत्रक, सत्तेत आलात तर "स्थगिती उठवून आणली" म्हणून दुसरं. चार कोटींचे आता बत्तीस झाले, आणि रस्त्यावर अजून पाटीही नाही.

आता धोका कुठे आहे ते सांगतो. चार गोष्टी पत्रकात कधीही येऊ देऊ नका: प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि दिनांक, लेखाशीर्ष (खर्च कुठल्या खात्यातून ते सांगणारा आकडा), कार्यारंभ आदेशातली मुदत, आणि दोष दायित्व कालावधी (ठेकेदारानं बिघाड फुकट दुरुस्त करायची मुदत). लेखाशीर्ष विशेष घातक. 5054 म्हटलं की रस्ते व पुलांचा भांडवली खर्च, 3054 म्हटलं की नुसती दुरुस्ती. "नवीन रस्ता" म्हणून ज्याचा नारळ फोडलात ते काम 3054 मधून निघालं, तर एखादा निवृत्त लेखापाल ते चौकात सांगत सुटतो. "पंचवीस-पंधरा" म्हणजे 2515, ग्रामविकासचं. ते सरपंचालाही पाठ असतं, त्यामुळे तिथं सरपंचाचा फोटो तुमच्याएवढा नाही तरी अंगठ्याएवढा टाकून घ्या. दोष दायित्व कालावधी कळला तर लोक खड्डा पडल्यावर तुमच्याकडे निधी मागायला येणार नाहीत. ठेकेदाराकडून फुकट बुजवून घ्या म्हणून कार्यकारी अभियंत्याकडे अर्ज करतील, आणि मग नव्या निधीची बातमी कुठून आणणार?

यातलं काहीही दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर तीस दिवसांत मागता येतं. मोजमाप पुस्तिकेची प्रतसुद्धा, जिच्यात थराची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. त्या जाडीशी जुळवायला कुणी पट्टी घेऊन रस्त्यावर बसू नये, म्हणून अशा उत्साही माणसाला वेळेत गाठा आणि दक्षता समितीवर घ्या. समितीची बैठक लावू नका.

भूमिपूजनाला कुदळ नवी आणा, जुनीवर मागच्या आमदारांनी बांधलेली रिबन निघत नाही. कोनशिला ग्रॅनाइटची करा, नावं मानानुसार, पालकमंत्री आधी, तुमचं नाव त्याखाली पण टाईप तेवढाच. "काम पूर्ण झाल्याचा दिनांक" अशी ओळ पाथरवटाला कोरू देऊ नका. ती रिकामी राहिली की गावातली पोरं कोळशानं भरतात.