"पंचवीस हजारांखाली गादी घेऊच नका" म्हणे!

दिवाळीच्या खरेदीचे दिवस आले की नाशकातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मी फर्निचरची कामं घेतो. बेड मी बनवतो, गादी गिऱ्हाईक बाहेरून आणतं. पण बेडचं पॉलिश वाळायच्या आत मोबाइल माझ्यापुढे येतो. "दादा, हे वाचलंत का? खरं आहे का?" इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंत मेसेज तोच, फक्त शेवटचे हात जोडलेले इमोजी कमीजास्त.

त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. आयुष्याचा तिसरा हिस्सा गादीवर जातो, तिथे कंजुषी नको. २५,००० च्या खालची गादी म्हणजे कचरा. दहा वर्षांची वॉरंटी धरली तर दिवसाला ७ रुपयेसुद्धा पडत नाहीत. पाठदुखी नको असेल तर कडक ऑर्थोपेडिकच घ्या. गादी जितकी जाड तितकी टिकाऊ. मेमरी फोम तर नासाने अंतराळवीरांच्या झोपेसाठी बनवला. आणि घरातल्या कापसाच्या गाद्या भंगारात काढा, त्यांचा जमाना गेला.

एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये गादीच्या पोटात काय आहे याबद्दल चकार शब्द नाही. किंमत आहे, जाडी आहे, वॉरंटी आहे, नासासुद्धा आहे. माझं भांडण त्याच्याशी आहे.

"दिवसाला फक्त ७ रुपये"

२५,००० भागिले ३,६५० दिवस, म्हणजे ६ रुपये ८५ पैसे. भागाकार बरोबर आहे. पण गादी दहा वर्षं टिकणार हे त्यात आधीच धरून टाकलंय, आणि वाद तर तिथेच आहे. ९,००० ची गादी ५ वर्षं नीट चालली तर दिवसाला ४ रुपये ९३ पैसे पडतात. तीच २५,००० ची गादी चौथ्या वर्षाअखेर मधोमध बसली तर १७ रुपये.

मग गादी किती वर्षं चालेल हे कशावरून ओळखायचं? साध्या फोममध्ये सगळ्यात आधी डेन्सिटी बघायची. एक घनमीटर फोमचं वजन जितके किलो, तितकी त्याची डेन्सिटी. ३२ डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ३२ किलो. डेन्सिटी जास्त म्हणजे तेवढ्याच जागेत माल जास्त, आणि रोज दाबला गेला तरी तो लवकर मरत नाही. आता दुकानदार तोंडाने "चाळीस डेन्सिटी" म्हणतो आणि आपण मान डोलावतो. पण ही गोष्ट तपासता येते. ७२ बाय ३६ इंचाची, ४ इंच जाडीची शीट घ्या. तिचं आकारमान होतं ०.१७ घनमीटर. ती खरोखर ४० ची असेल तर वजन ६.८ किलोच्या आसपास भरायला हवं. ३२ ची असेल तर ५.४ किलो.

प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा माझ्या गाडीत असतोच. एका गिऱ्हाइकाबरोबर भद्रकालीकडच्या दुकानात गेलो होतो, तिथे खोळ चढवायच्या आधी शीटची गुंडाळी दोरीने बांधली आणि काट्याला लटकवली. काटा ४.७ वर थांबला. म्हणजे डेन्सिटी २८ सुद्धा नाही. दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, चाळीस हे क्वालिटीचं नाव आहे, वजनाचं नाही." त्याने खालच्या रॅकमधून दुसरी शीट काढली, ती ६.६ भरली. भाव अर्थातच वेगळा होता. पण निदान कशाचा भाव मोजतोय ते गिऱ्हाइकाला कळलं.

वजनावरून सगळं कळतं असंही नाही. फोममध्ये कॅल्शियम कार्बोनेटसारखी पूड घालून वजन फुगवता येतं. आणि रिबॉन्डेड फोम, म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून दाबलेला रंगीबेरंगी थर, मुळातच जड असतो. म्हणून थर मिसळलेले असतील तर प्रत्येकाची जाडी आणि डेन्सिटी वेगवेगळी विचारायची आणि बिलावर लिहून घ्यायची. तोंडी चाळीस सांगणारे बरेच जण लिहून द्यायची वेळ आली की बत्तीसवर येतात.

मेसेजला एक गोष्ट मान्य करायला हवी. अगदी पडेल भावातल्या डबल बेडच्या गादीत बऱ्याचदा टीव्हीच्या खोक्यातून निघतो तसला पांढरा पॅकिंगचा शीट भरलेला असतो. ती गादी घेऊच नका. पण तिथून थेट २५,००० वर उडी मारायचं कारण नाही. त्या २५,००० मध्ये कॉलेज रोडच्या शोरूमचं भाडं असतं, क्रिकेटच्या मध्ये दिसणाऱ्या जाहिराती असतात, घरपोच आणण्याचा खर्च असतो, शंभर रात्री वापरून परत करायची सोय असते. ती शेवटची सोय मला खरंच आवडते, तिचे पैसे मोजायला हरकत नाही. फक्त त्या पैशाने गादीचं आयुष्य वाढत नाही.

"पाठीसाठी कडकच हवी"

हा समज मेसेजपेक्षा पुष्कळ जुना आहे. पाठ धरली की लोक सरळ फळीवर झोपतात. स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर हेच तपासलं गेलं. निम्म्यांना कडक गादी, निम्म्यांना मध्यम कडक, आणि कोणाला कुठली मिळाली हे त्यांना सांगितलं नव्हतं. ९० दिवसांनी पाहिलं तर मध्यम कडक गादीवाल्यांचं अंथरुणातलं दुखणं आणि रोजच्या हालचालीतली अडचण जास्त कमी झाली होती. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. याचा अर्थ मऊ गादी चांगली असा नाही. अति मऊ गादीत कंबर खाली जाते आणि सकाळी उठताना हात टेकावे लागतात. पण "जितकी कडक तितकी चांगली" हे त्या अभ्यासात टिकलं नाही.

शिवाय कडकपणा आणि डेन्सिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जास्त डेन्सिटीचा फोम मऊ असू शकतो आणि कमी डेन्सिटीचा कडक. दुकानात हाताने दाबून "वा, कडक आहे, टिकेल" म्हणणाऱ्यांची फसगत इथेच होते. आणि 'ऑर्थोपेडिक' छापायला कुठल्या डॉक्टरची सही लागत नाही. आत रिबॉन्डेडचा एक थर घातला की गादी कडक लागते, वर शिक्का मारला की झालं.

कोणाला किती कडक हवी हे माणसागणिक बदलतं. ५० किलोच्या बाईंना जी दगड वाटते तीच ९० किलोच्या यजमानांना झोळी वाटते. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा थोडा आत जायला हवा, नाहीतर सकाळी हाताला मुंग्या येतात. दुकानात चपला काढून सरळ आडवं व्हायचं, आपण रोज झोपतो त्याच कुशीवर, दहा-पंधरा मिनिटं. लाजायचं कशाला? नंतर पाठीवर होऊन कमरेखालच्या पोकळीत तळहात घालून बघायचा. आरपार सहज गेला तर गादी तुम्हाला कडक आहे, शिरतच नसेल तर मऊ. डॉक्टरांचे उपचार चालू असतील तर त्यांनाच विचारा, माझं ऐकू नका.

"जितकी जाड तितकी टिकाऊ"

खोळीला चेन असेल तर उघडायला लावा. आठ इंची गादीत वरचा एक इंच मेमरी फोम, खाली दोन इंच साधा आणि बाकी सगळं रिबॉन्डेड किंवा तो पॅकिंगचा पांढरा माल, असं अनेकदा निघतं. चेन शिवून बंद केली असेल तर कापून ठेवलेला नमुना मागा. आणि बेड बनवून घेण्याआधी जाडी ठरवा, ही माझी हात जोडून विनंती. दहा इंची गादी आणून टाकली की हेडबोर्डचं अर्धं काम झाकलं जातं आणि म्हाताऱ्या माणसाचे पाय जमिनीला टेकत नाहीत.

"नासाचा मेमरी फोम"

नासाचं नाव खरं आहे. पण १९६६ मध्ये तो नासाच्याच अमेरिकेतल्या एम्स संशोधन केंद्रासाठी तयार झाला तो विमानाच्या आसनांकरता, अपघातात धक्का कमी बसावा आणि लांबच्या प्रवासात बसणं सुसह्य व्हावं म्हणून. अंतराळवीरांच्या अंथरुणाशी त्याचा संबंध नव्हता. आपल्याला त्याचा एक गुण माहीत असायला हवा: तो उबेने मऊ होतो आणि गारठ्यात कडक. निफाडचा पारा पाच-सहावर जातो त्या दिवसांत गादी आडवं होताच घट्ट लागते, अंगाची ऊब लागल्यावर सैल होते. एप्रिल-मेमध्ये उलट, शरीर आत रुततं, भोवती वारा खेळत नाही आणि पाठ घामाने भिजते. एसी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर वरचा थर लेटेक्सचा, म्हणजे रबराचा, किंवा साध्या फोमचा बरा.

"कापसाच्या गाद्या भंगारात काढा"

इथे मला राग येतो. बाजारातल्या सगळ्या गाद्यांमध्ये दुरुस्त होणारी ही एकच. फोम मेला की मेला. काथ्याची गादी दबली की तिला परत वर आणता येत नाही. कापूस मात्र उसवून, पिंजून, थोडी भर घालून पुन्हा भरता येतो. कमानीच्या तारेचा टणत्कार करत गल्लीतून फिरणारा पिंजारी आता दुर्मीळ झाला, पण मशिनवर पिंजून देणारी दुकानं आहेत. समोर उभं राहून काम करून घ्या आणि आपलाच कापूस परत भरला जातोय ना ते बघा. नवीन भरून घेत असाल तर खोळ शिवायच्या आधी मूठभर कापूस हातात घ्या. लांब धागा सुटला तर ठीक. निळे-लाल तुसे दिसले तर तो चिंध्या पिंजून काढलेला माल आहे, त्याच्या लवकर गाठी होतात.

कापसाला खोडी आहेत, नाही कशाला म्हणू? जड असते, उलटायला दोघं लागतात. पावसाळ्यात ओल धरते. उन्हात टाकली नाही तर वास येतो. धुळीचा दमा असलेल्या घरात ती अडचणच. पण ज्याच्याकडे गच्ची आहे आणि उचलायला हात आहेत त्याने मेसेज वाचून ती फेकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. एक लक्षात ठेवा, कापसाची गादी उन्हात टाकायची, फोमची नाही. उन्हाने फोम पिवळा पडतो आणि भुरभुरतो.

"दहा वर्षांची वॉरंटी"

वॉरंटी कार्डाच्या मागची बारीक अक्षरं दुकानातच वाचा. खड्डा किती खोल गेला तर गादी बदलून देणार हे तिथे आकड्यात दिलेलं असतं, आणि मोजायचा तो गादीवर कोणी नसताना. झोपल्यावर दोघं मध्ये घरंगळतात ही तक्रार त्यात बसेलच असं नाही. गादीवर डाग पडला तर बहुतेक ठिकाणी वॉरंटी संपते, म्हणून पहिल्या दिवसापासून वर चादरीखाली कव्हर घाला. पुढच्या वर्षांत नवीन गादीच्या किमतीचा किती वाटा तुम्ही भरायचा, नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, हेही विचारा. पक्कं बिल नसेल तर कार्डाला काही अर्थ नाही. बिल असून कोणी टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

आणखी एक अट कार्डावर असते, ती म्हणजे गादी सपाट, भक्कम पायावर हवी. बॉक्स बेडवाल्यांनो, इथे माझं काम येतं. नुसता सलग प्लाय टाकला तर जुलै-ऑगस्टमध्ये गादीखाली वारा जात नाही, ओल कोंडते आणि बुरशीचे काळे ठिपके येतात. तो डाग मग वॉरंटीच्या आड येतो. प्लायला भोकं पाडून घ्या, सुताराला आठवण करून द्या. मी त्याचे वेगळे पैसे लावत नाही.